अमेरिकेतल्या छोट्या ट्रेलरवर २९९० हाच आकडा का असतो? त्याचा ब्रेकशी काय संबंध?

अमेरिकेत तुमचं कोणी राहत असेल तर हे चित्र ओळखीचं वाटेल. आधी अपार्टमेंट, मग घर, मग घरामागचं अंगण. अंगण आलं की माती, खडी, लाकडं, जुनं फर्निचर अशी ने-आण सुरू होते. प्रत्येक वेळी माणूस बोलावणं परवडत नाही. मग गाडीमागे जोडायचा एक उघडा ट्रेलर घरी येतो. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, तळाला लाकडी फळ्या आणि मागे खाली पडणारा रॅम्प. तिकडे याला युटिलिटी ट्रेलर म्हणतात.

या ट्रेलरच्या पुढच्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर ट्रेलरचं स्वतःचं वजन आणि माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा लिहिलेला असतो. एका अ‍ॅक्सलच्या बऱ्याच ट्रेलरवर हा आकडा असतो २९९० पाउंड, म्हणजे सुमारे १३५६ किलो.

आता गंमत बघा. त्याच ट्रेलरखाली वाकून पाहिलं तर अ‍ॅक्सल असतो ३५०० पाउंडांचा. मग स्टिकरवर पाचशे पाउंड कमी का?

कारण अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३००० पाउंडांपासून पुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. २९९० लिहिलं की ट्रेलर त्या रेषेच्या दहा पाउंड अलीकडे राहतो. ब्रेक बसवायचा खर्च वाचतो, किंमत कमी ठेवता येते. यात बेकायदेशीर काहीच नाही.

प्रश्न एवढाच आहे, की मागून ढकलणाऱ्या वजनाला ही रेषा कळते का?

रेषा प्रत्येक ठिकाणी वेगळी

टेक्सासमध्ये ही मर्यादा ४५०० पाउंडांची आहे. म्हणजे तिथे दोन टनांचा ट्रेलरही ब्रेकशिवाय नियमात बसू शकतो. याउलट ऑस्ट्रेलियात आणि युरोपात ही रेषा ७५० किलोवर आहे, म्हणजे साधारण १६५० पाउंड. ऑस्ट्रेलियात तर २००० किलोंच्या पुढे सगळ्या चाकांना ब्रेक लागतात आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागण्याची सोयही लागते.

म्हणजे अमेरिकेत जो ट्रेलर ब्रेकशिवाय शोरूममधून बाहेर पडतो, तोच पूर्ण भरलेला ट्रेलर मेलबर्नच्या रस्त्यावर ब्रेकशिवाय चालणार नाही. वजन तेच, उतार तसाच, फक्त कायदा वेगळा.

आणखी एक गोष्ट बरेच जण वाचतच नाहीत. ती म्हणजे आपल्या गाडीचं मॅन्युअल. काही एसयूव्हीच्या मॅन्युअलमध्ये १००० पाउंडांच्या पुढेच ट्रेलरला वेगळे ब्रेक हवेत असं लिहिलेलं असतं. राज्याचा कायदा काहीही म्हणो, गाडी बनवणाऱ्यानं स्वतःच्या ब्रेकची हद्द सांगून ठेवलेली असते.

खडीचं गणित

समजा घरामागे पायवाट करायची आहे आणि त्यासाठी खडी हवी आहे. अमेरिकेत माती आणि खडी क्युबिक यार्डवर विकतात. एक यार्ड म्हणजे तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. डेपोवाला लोडरची बकेट ट्रेलरमध्ये रिकामी करतो. ट्रेलर अर्धासुद्धा भरलेला दिसत नाही.

पण एक यार्ड खडी भरते सुमारे बाराशे-तेराशे किलो. ट्रेलरचं स्वतःचं वजन साडेतीनशे-चारशे किलो. बेरीज झाली दीड टनाच्या वर. स्टिकरवरची मर्यादा होती १३५६ किलो.

म्हणजे दिसायला अर्धा रिकामा असलेला ट्रेलर मर्यादेच्या बाहेर गेला आहे, आणि त्याला एकही ब्रेक नाही. आता हा सगळा भार थांबवायची जबाबदारी पुढच्या गाडीच्या चार चाकांवर आली.

उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी रेटते, हे आपल्याकडे ऊसपट्ट्यात कोणालाही विचारा. तोच प्रकार इथे होतो. गाडी सरळ रेषेत असेल तर थांबायला जास्त अंतर लागतं, एवढ्यावर भागतं. पण वळणावर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, की ट्रेलर गाडीला मागून तिरका ढकलतो. गाडीची मागची चाकं घसरतात आणि खिशातला चाकू मिटावा तशी गाडी आणि ट्रेलर एकमेकांवर मिटतात. याला जॅकनाईफ म्हणतात. इन्स्टावरच्या ज्या रील पाहून आपण 'अरे बापरे' म्हणून पुढे जातो, त्यातल्या बऱ्याच याच असतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले की तो गाडीला ढकलण्याऐवजी मागून धरून ठेवतो. ब्रेक बसवायचे ते यासाठी. दंड चुकवणं ही नंतरची गोष्ट.

इलेक्ट्रिक ब्रेक म्हणजे नक्की काय?

ट्रेलरच्या ब्रेकचे दोन प्रकार जास्त दिसतात. एक सर्ज ब्रेक. यात गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच हायड्रॉलिक ब्रेक लागतो. बोटीचे ट्रेलर पाण्यात उतरवावे लागतात, त्यामुळे तिथे हा प्रकार जास्त चालतो. दुसरा इलेक्ट्रिक ब्रेक. युटिलिटी ट्रेलरवर बहुतेक हाच बसवतात.

नाव ऐकून वाटतं की करंटच्या ताकदीने चाक थांबत असेल. तसं नाही. आपल्या स्कूटरला असतो तसाच ड्रम असतो, आत अर्धगोल दोन ब्रेक शू आणि त्यांवर लायनर. फरक इतकाच की आत एका दांड्याच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो.

तुम्ही ब्रेक दाबला की गाडीतून १२ व्होल्टचा करंट चुंबकाला जातो. चुंबक ड्रमच्या फिरणाऱ्या पृष्ठभागाला चिकटायला बघतो. ड्रम फिरतोय, त्यामुळे तो चुंबकाला स्वतःबरोबर ओढत नेतो. चुंबकाबरोबर दांडा फिरतो आणि दांडा शूंना ड्रमवर दाबतो. चाकाच्या फिरण्याची ताकद वापरूनच चाक थांबवलं जातं.

म्हणून यात करंट फार लागत नाही. एका चाकाचा चुंबक पूर्ण ब्रेकला साधारण तीन अँपिअर घेतो, दोन चाकांचे मिळून सहा. करंट कमी दिला तर ब्रेक हलका लागतो, जास्त दिला तर जोरात. हा हिशोब ठेवणारी डबी गाडीत ड्रायव्हरजवळ बसते. तिला ब्रेक कंट्रोलर म्हणतात.

पण यातच एक धोकाही आहे. वायर तुटली, प्लग निघाला किंवा अर्थिंग गंजलं, की ब्रेक नाहीच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खरेदीच्या आधी ट्रेलरखाली वाका

ऑनलाइन ब्रेकचा सेट मागवण्याआधी पाच मिनिटं ट्रेलरखाली घालवा. अ‍ॅक्सलच्या टोकाला, चाकाच्या हबच्या अगदी मागे, चार भोकांची चौकोनी पट्टी वेल्ड केलेली आहे का ते पाहा. याला ब्रेक फ्लँज म्हणतात.

पट्टी असेल तर काम नट-बोल्टचं आहे. हाताला सवय असलेला माणूस एका शनिवारी करू शकतो.

पट्टी नसेल तर दोनच मार्ग. एक, फ्लँज वेल्ड करून घेणं. ती अ‍ॅक्सलला काटकोनात आणि ठरलेल्या अंतरावर बसली नाही तर शू ड्रमवर तिरके घासतात. म्हणून हे घरी करायचं काम नाही. दुसरा मार्ग म्हणजे ब्रेक बसवलेला आख्खा अ‍ॅक्सलच घेणं. मजुरी धरली तर कित्येकदा हाच मार्ग सोपा पडतो.

यानंतर माप. ब्रेकचं माप अ‍ॅक्सलच्या क्षमतेवर ठरतं, आपल्या हौसेवर नाही. २००० पाउंडांच्या अ‍ॅक्सलला ७ इंची ड्रम, ३५०० पाउंडांच्या अ‍ॅक्सलला १० इंची, ५२०० ते ७००० पाउंडांच्या अ‍ॅक्सलला १२ इंची. १० इंची ब्रेकवर १२ इंची रिम बसत नाही, किमान १३ इंची लागते. ट्रेलरची चाकं छोटी असतील तर हे आधी मोजा.

मग हब. साधा हब काढून त्या जागी हब आणि ड्रम एकत्र असलेला भाग बसतो. त्यावरच्या चाकाच्या बोल्टची संख्या आणि अंतर तुमच्या रिमशी जुळलं पाहिजे. ३५०० पाउंडांच्या अ‍ॅक्सलवर बहुतेक वेळा साडेचार इंचाच्या वर्तुळात पाच बोल्ट असतात. आतली बेअरिंग स्पिंडलच्या जाडीची हवीत. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो फोटो काढून ठेवा आणि त्यावरून नवीन घ्या. 'सगळ्यांना बसतं' असं लिहिलेल्या सेटवर विसंबू नका.

शेवटी गाडी. ट्रेलरच्या दिव्यांसाठी गाडीला चार तारांचा चपटा प्लग असतो, पण त्यात ब्रेकची तारच नसते. इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनांचा गोल प्लग लागतो. अमेरिकेत त्यात निळी तार ब्रेकची आणि पांढरी अर्थिंगची, अशी पद्धत आहे.

कंट्रोलर दोन प्रकारचे मिळतात. स्वस्त कंट्रोलर ठरवून दिलेल्या गतीने करंट वाढवत नेतो, तुम्ही ब्रेक हळू दाबलाय की जोरात हे त्याला कळत नाही. दुसरा, प्रपोर्शनल कंट्रोलर. गाडी किती झपाट्याने हळू होतेय हे तो ओळखतो आणि तेवढाच ब्रेक ट्रेलरला देतो. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात दुसरा जास्त भरवशाचा. अनेक नव्या पिकअपमध्ये हा कंपनीकडूनच बसवलेला येतो, त्यामुळे आधी डॅशबोर्ड तपासा.

बसवताना काय करतात?

ट्रेलर सपाट जागी गाडीला जोडून ठेवा. चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक सांगाड्याखाली लावा, अ‍ॅक्सलच्या मधोमध नाही, कारण अ‍ॅक्सल वाकू शकतो. वर उचलल्यावर स्टँड लावल्याशिवाय खाली हात घालू नका.

चाक काढा. हबची टोपी, स्प्लिट पिन, मोठा नट, वॉशर आणि बाहेरची बेअरिंग निघाली की हब हातात येतो. आता ब्रेकचा आख्खा संच फ्लँजवर बोल्टने बसवा. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे डावा संच उजवीकडे लावणं. आत पाहिलं तर एका शूचं लायनर आखूड आणि दुसऱ्याचं लांब दिसेल. आखूड लायनरचा शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला आला पाहिजे. उलटं बसवलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण पकडत नाही.

मग बेअरिंगमध्ये ग्रीस नीट भरा. वरवर फासून चालत नाही. ऑइल सील नवीनच टाका. सील गळलं की ग्रीस लायनरवर जातं आणि ग्रीस पडलेल्या लायनरचा काही भरवसा नसतो. ड्रम चढवून नट घट्ट करा, घट्ट करताना ड्रम हाताने फिरवत राहा म्हणजे बेअरिंग बसतात. त्यानंतर नट सोडून पुन्हा फक्त बोटांनी आवळा आणि स्प्लिट पिन घाला. पिन जुनी वापरू नका.

शेवटी शूंची जुळवणी. मागच्या प्लेटला खालच्या बाजूला एक फट असते. त्यातून आतलं दातेरी चाक फिरवून शू इतके बाहेर आणा की ड्रम हाताने फिरवणं जड जाईल. मग साधारण दहा दाते मागे या, ड्रम हलकासा घासत फिरला पाहिजे. स्वतःहून जुळणारे ब्रेकही मिळतात, पण पहिली जुळवणी त्यांनाही लागते.

वायरिंगवर दुर्लक्ष नको

इलेक्ट्रिक ब्रेकच्या तक्रारी निघतात त्या बहुतेक वेळा वायरमध्ये.

प्रत्येक चुंबकातून दोन तारा निघतात. उलट-सुलट जोडल्या तरी चालतात. एक निळ्या तारेला, दुसरी अर्थिंगला. पण अर्थिंगसाठी नुसत्या सांगाड्यावर विसंबू नका. गंज आणि रंग मधे येतात. प्लगपर्यंत वेगळी पांढरी तार न्या. ब्रेकसाठी तार किमान १२ गेजची असावी, दिव्यांची बारीक तार वापरली तर चुंबकापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोहोचत नाही.

काही जण तार अ‍ॅक्सलच्या नळीतून ओवून दुसऱ्या चाकाला नेतात. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण आत तार घासून सोलली तर कळत नाही. बाहेरून क्लिप लावून न्या. सांधे गरम केल्यावर आवळणाऱ्या, पाणी न जाणाऱ्या नळीतले हवेत. नुसती टेप पहिल्या बर्फाळ हिवाळ्यात सुटते.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर ब्रेकच्या तारेत जोडून पूर्ण ब्रेक द्या. दोन चाकांचे मिळून सहाच्या आसपास अँपिअर दिसले तर ठीक. तीनच दिसले तर एक बाजू मेलेली आहे. आणि एकच चाक ब्रेक लावत असेल तर ट्रेलर त्या बाजूला ओढला जाणार.

ट्रेलर सुटलाच तर?

इथे मघाचा धोका आठवा. ट्रेलर गाडीपासून सुटला तर प्लगही निघणार आणि करंट जाणार. म्हणजे जेव्हा ब्रेक सर्वांत जास्त हवा, नेमका तेव्हाच तो नाही.

यासाठी ब्रेकअवे किट असतं. ट्रेलरवर एक छोटी बॅटरी आणि एक स्विच. स्विचमधल्या पिनला पातळ वायरदोर बांधलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक गाडीला. ट्रेलर सुटला की पिन उपटली जाते आणि बॅटरीचा पूर्ण करंट ब्रेकला मिळतो. अमेरिकेत व्यावसायिक वाहतुकीच्या नियमांत हा ब्रेक किमान १५ मिनिटं धरून राहिला पाहिजे अशी अट आहे.

दोर गाडीच्या पक्क्या भागाला बांधा. हिचचा जो गोळा निघून येऊ शकतो त्यालाच बांधला तर गोळ्यासकट दोरही जाईल आणि पिन जागेवरच राहील. बॅटरी महिनोन्महिने पडून उतरते, म्हणून प्रत्येक प्रवासाआधी पिन ओढून चाकं अडतात का ते पाहा आणि लगेच परत घाला. हा पार्किंग ब्रेक नाही. पिन काढून ठेवली तर बॅटरी उतरेल आणि ट्रेलर घरंगळेल. उभा करताना चाकांना उटी लावा.

पहिली फेरी

रिकाम्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जा आणि कंट्रोलरवरचा हाताने दाबायचा लिव्हर वापरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. चाकं अडकून घसरेपर्यंत जोर वाढवत न्या, मग थोडा कमी करा. हीच तुमची सेटिंग. मात्र ती त्या वजनापुरती. रिकाम्या ट्रेलरला तीच सेटिंग ठेवली तर चाकं अडकतील, म्हणून भार बदलला की पुन्हा बघायचं.

तोच लिव्हर आणखी एका वेळी कामी येतो. ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागला तर घाबरून गाडीचा ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि हळूच फक्त ट्रेलरचा ब्रेक द्या. ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो.

चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळा. नवे लायनर बसत जातात, त्यामुळे पहिल्या २०० मैलांनंतर शू पुन्हा जुळवा, नंतर दर ३००० मैलांनी.

शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा

ब्रेक बसवले म्हणून स्टिकरवरचा २९९० बदलत नाही. अ‍ॅक्सल ३५०० चा असला, ब्रेक १० इंची असले, तरी ट्रेलरची मर्यादा तीच राहते. ब्रेक लावून जास्त खडी भरायची, असा याचा अर्थ नाही. ती एक यार्ड खडी ब्रेकनंतरही दोन फेऱ्यांतच आणायची आहे. फरक इतकाच, की त्या दोन्ही फेऱ्यांत सिग्नलला उभ्या असलेल्या पुढच्या गाडीच्या आधी तुम्ही थांबलेले असाल.

त्यामुळे तिकडच्या कोणी ट्रेलर घेतल्याचा फोटो ग्रुपवर टाकला, तर अभिनंदनाबरोबर एक प्रश्न जरूर विचारा, स्टिकरवर किती लिहिलंय आणि मागे फ्लँज आहे का?